नवरीची रंगीत तालीम



लग्नाच्या मेकअपची ट्रायल म्हणजे नवरीची रंगीत तालीम. नाटकाची रंगीत तालीम पोशाख, दागिने, दिवे यांच्यासह होते. नवरीची मात्र बहुतेक वेळा पुण्यातल्या एसी पार्लरमध्ये, अंगातल्या पंजाबी ड्रेसवर, गोल दिव्यासमोर उरकली जाते. तिथला चेहरा मोबाइलमध्ये झकास येतो. वैशाखात तोच चेहरा तोरणा किल्ल्याच्या पायथ्याशी वेल्ह्यात, कापडी मांडवात, पाचच्या मुहूर्ताला उभा राहतो, तेव्हा नाकाच्या शेंड्यावरून घामाची पहिली धार निघते आणि ट्रायल कुठे कमी पडली ते कळते. म्हणून वेल्ह्यात लग्न असेल तर ट्रायलही वेल्ह्यातच, निदान नसरापूर-भोरच्या उन्हात घ्यावी.

योग्य वेळ लग्नाआधी साधारण महिनाभर. या डोंगरपट्ट्यात मार्गशीर्षात थंडीने गाल-ओठ फुटतात, वैशाखात घामाने काजळ उतरते. दिवाळीत घेतलेली ट्रायल उन्हाळ्यातल्या लग्नाला उपयोगी पडत नाही. उलट आठवड्यावर आणून ठेवली, तर पुरळ उठल्यावर निस्तरायला वेळ उरत नाही. ट्रायलच्या आदल्या दिवशी फेशियल, ब्लीच, थ्रेडिंग काही करू नये. सोललेल्या, लाल झालेल्या कातडीवर बसवलेला रंग नेहमीच्या चेहऱ्याचा नसतो.

घड्याळही मुहूर्ताचेच धरावे. मुहूर्त पाचचा असेल तर मेकअप अडीच-तीनला संपवून तो सातपर्यंत तोंडावर ठेवावा. त्या वेळात नवरीने अंगणात फिरावे, चहा प्यावा, भाकरी खावी. दर तासाला एक फोटो सावलीत, एक उन्हात आणि एक फ्लॅश मारून काढावा. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले सनस्क्रीन आणि सिलिकाची बारीक पावडर फ्लॅशचा प्रकाश परत फेकतात. आरशात न दिसणारा पांढरा थर त्यामुळे अल्बममध्ये उमटतो.

रंगाची छटा मनगटावर नव्हे, जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात पाहावी, कारण चेहरा मानेशी जुळायला हवा. भाताच्या आवणीला उतरलेल्या मुलीचे हात उन्हाने रापलेले असतात आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. चेहरा दोन छटा उजळ केला की ती पिठाच्या डब्यात तोंड घालून आल्यासारखी दिसते. पार्लरवाली ‘थोडं फेअर करूया’ म्हणाली, तर तिथेच नाही म्हणावे.

खरी परीक्षा कपाळाची. शहरातल्या मेकअपमध्ये कपाळ म्हणजे टिकली लावायची जागा. मावळातल्या लग्नात तिथे मळवट भरला जातो, मुंडावळ्या बांधल्या जातात, काही घरांत बाशिंगही असते. दाट फाउंडेशनवर कुंकू फासले की ते तेलकट थरात मिसळते आणि घामाबरोबर भुवयांवर ओघळते. म्हणून कपाळावर थर अगदी पातळ ठेवून वर पावडर दाबून घ्यावी आणि ट्रायलमध्ये घरचेच कुंकू प्रत्यक्ष लावून पाहावे. मुंडावळ्या बांधून तासभर बसावे. दोरा कुठे घासतो, अंबाड्याखाली गाठ कुठे येते, गजऱ्याच्या वजनाने अंबाडा खाली येतो का, हे बसल्यावाचून कळत नाही. डोक्यावरून पदर घ्यायचा असेल तर खोपा किती उंच चालेल, तेही याच वेळी ठरते.

हळदीचा विचार फार कमी जणी करतात. हळद लग्नाच्या आदल्या संध्याकाळी लागते आणि कितीही धुतली तरी केसांच्या कडेला, कानामागे पिवळेपणा राहतो. ट्रायलच्या आदल्या रात्री जबड्याला थोडी हळद लावून धुवावी. मग मेकअप करणारीला खरी कातडी दिसते आणि छटा चुकत नाही.

नाक टोचलेले नसेल तर दाबाची नथ निसटते, कारण नाकपुडीवरचा रंग तिला धरू देत नाही. तेवढी जागा कोरडी सोडावी. ठुशीखाली मानेला लावलेला रंग शालूच्या काठावर उतरतो. तेव्हा शालूचे ब्लाउज, नथ, ठुशी, मुंडावळ्या, कुंकू सगळे पिशवीत घालून न्यावे. सोबतीला आईपेक्षा मामी बरी. आईला लेक कशीही सुंदरच दिसते.

आता जपण्याच्या गोष्टी. लग्न ठरल्यावर गोरे होण्याचे क्रीम आणण्याची घाई सुरू होते. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असते. त्याने कातडी पातळ होते आणि क्रीम थांबवताच चेहरा पेटतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. काही क्रीममध्ये पारा असतो. अकोल्यातील एक तरुणी, तिची आई आणि बहीण यांच्या मूत्रपिंडाच्या विकाराचे मूळ अशाच क्रीममध्ये सापडल्याचे 2023 मध्ये समोर आले. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली नाही, ती घरात आणू नये. झटपट काळी चढणारी मेंदीही टाळावी. त्यात केस काळे करण्याचे पीपीडी हे रसायन असू शकते आणि हातावर फोड येतात. साध्या मेंदीचा रंग काळा नसतो, हे लक्षात ठेवावे.

मेकअप करणारी पुण्याहून येणार असेल तर रस्ताही ट्रायलचाच भाग. रविवारी खडकवासल्याची गर्दी ओलांडून पाबे घाटाने येण्यापेक्षा नसरापूर, मार्गासनी, विंझर हा रस्ता धरावा आणि महामार्गावर खेड शिवापूरच्या टोलनाक्याला लागणारा वेळ हिशेबात घ्यावा. साडी नेसवणे, केस, वरातीसाठी दुसरा मेकअप आणि गाडीभाडे ठरलेल्या पैशांत आहे का, लग्नाला ती स्वतः येणार की हाताखालची मुलगी, हे आधीच विचारून कागदावर लिहून घ्यावे. वापरलेल्या प्रत्येक वस्तूचे नाव आणि छटाही त्याच कागदावर असावी. ट्रायलनंतर लग्नापर्यंत चेहऱ्याला नवे काहीही लावू नये.

सगळ्यात आधी, ट्रायलच्या दोन दिवस अगोदर, तेच फाउंडेशन आणि पापण्यांचा गोंद कानामागे टिकलीएवढा लावून ठेवावा. अठ्ठेचाळीस तासांनी ती जागा लाल नसेल, खाजत नसेल, तरच ट्रायलला बसावे. आणि आगाऊ रक्कम ट्रायलनंतर, सात वाजेपर्यंत चेहरा टिकलेला पाहूनच द्यावी.

तुझी आत्या
वेल्हे