निम्मा वाटा आणि सहीचे मोल

स्त्रीच्या श्रमाचे मोल बहुधा मजुरीच्या आकड्यांत मोजले जाते. परंतु जिच्या हाती मजुरी पडतच नाही, त्या गृहिणीच्या श्रमांचे मोल कसे ठरवावयाचे? गोव्यातील कुटुंब कायद्याने या प्रश्नाला फार पूर्वीच एक उत्तर दिलेले आहे.

१८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० साली गोव्यात लागू झाली. मुक्तीनंतरही, १९६२ च्या कायद्यान्वये, तिचा अंमल चालू राहिला. विवाहापूर्वी निराळा करार झालेला नसेल, तर तिच्यानुसार पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि तीत उभयतांचा निम्मा वाटा असतो. पतीने दुकान चालविले व पत्नीने घर सांभाळले, तरी त्या मिळकतीतून घेतलेली जमीन दोघांची ठरते. वारशातही मुलगा व मुलगी समान मानली जातात. अपत्ये असल्यास आई-वडिलांना निम्म्याहून अधिक संपत्ती मृत्युपत्राने स्वेच्छेनुसार देता येत नाही. देशात अन्यत्र, एकत्र हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क केंद्रीय कायद्याने २००५ साली दिला, हे ध्यानात घेतले म्हणजे या तरतुदींचे महत्त्व पटते.

तथापि वाटा असणे आणि त्यावर अधिकार चालणे या दोन भिन्न गोष्टी होत. याच संहितेने सामाईक मालमत्तेचा कारभार पतीकडे सोपविला होता. स्थावर विकावयाचे तर पत्नीची संमती लागते, हे खरे. परंतु दस्तऐवज न वाचता केलेली सही म्हणजे संमती नव्हे, तो केवळ उपचार होय.

दुसरा प्रश्न माहेरचा. आई-वडिलांच्या पश्चात बहिणीने भावांच्या नावे हक्क सोडावा, अशी अपेक्षा अनेक घरांत असते. नकार दिला तर माहेर तुटेल, या भीतीने सही होते. स्वखुशीने केलेला त्याग आदरणीय आहे. भीतीपोटी केलेल्या त्यागाने मात्र समान वारसा कागदावरच राहतो.

म्हणून भगिनींनी काही गोष्टी अवश्य ध्यानी घ्याव्यात. विवाहपूर्व करार सुचविला गेल्यास त्याचा परिणाम आधी समजून घ्यावा. विक्रीखताची किंमत व रक्कम कोणाकडे जमा होणार, हे विचारावे. हक्कत्यागाचा दस्तऐवज आपल्या भाषेत वाचून घ्यावा. हयात व्यक्तीच्या भावी वारशाचा त्याग करता येत नाही, हेही विसरू नये.

कायद्याने निम्मा वाटा दिला आहे. तो राखावयाचा की सोडावयाचा, हा निर्णय जेव्हा स्त्री स्वतः जाणतेपणाने घेईल, तेव्हाच त्या समतेला अर्थ प्राप्त होईल.