डाळ मिलचा नफा वाटायचा की ठेवायचा?

ताईंनो, मागच्या बैठकीत एकीनं विचारलं, "मिल आपल्या सगळ्यांची आहे ना, मग नफा दिवाळीला वाटून टाकू." दुसरी म्हणाली, "आणि मोटार जळाली तर?" त्या दिवशी निर्णय झाला नाही.

हाच प्रश्न एका अख्ख्या देशाला पडला होता. युरोपात युगोस्लाव्हिया नावाचा समाजवादी देश होता. तिथं १९५० साली कायदा झाला आणि कामगारांनी निवडलेली मंडळं कारखान्याचा कारभार बघू लागली. पगाराला किती, नव्या यंत्राला किती, हे पुढं तीच ठरवू लागली. सुरुवातीला उत्पादन जोरात वाढलं. नंतर मात्र बऱ्याच ठिकाणी पगार वाढवण्याकडे ओढ राहिली आणि यंत्रांसाठी बँकेचं कर्ज निघत गेलं. कामगार काही लबाड नव्हते. कारखाना सोडून जाताना त्यातला वाटा सोबत नेता येत नव्हता. मग पाच वर्षांनी येणाऱ्या यंत्रासाठी आजचे पैसे कोण सोडेल?

आता आपल्याकडचं बघा. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तोच आजचा लिज्जत पापड. तिथं लाटणावळ किलोवर, म्हणजे जितकं काम तितके पैसे. नफा मात्र सगळ्या बहिणींना सारखा. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या हे मला फार शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडे भांडणं तिथंच होतात. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. वर पापड, खाली स्टोव्ह! असा खर्च प्रत्येक धंद्याला येतोच.

समजा, तुरीच्या हंगामात मजुरी, वीजबिल, कर्जाचा हप्ता जाऊन ४०,००० रुपये उरले आणि तुम्ही दहा जणी आहात. सगळे वाटले तर प्रत्येकीला ४,०००. निम्मे ठेवले तर हातात २,००० आणि मिलच्या खात्यात प्रत्येकीच्या नावावर २,०००. हे "नावावर" महत्त्वाचं. एखादीनं गट सोडला, मुलाकडे पुण्याला राहायला गेली, तर तिचे ते पैसे कधी आणि कसे परत द्यायचे, हे आधीच ठरावात लिहा. नाहीतर ती आज "सगळं वाटा" म्हणणारच, आणि तिचं चूकही नाही.

पुढच्या बैठकीला मिलची वही आणि ठरावाचं रजिस्टर दोन्ही आणा. तुरी बाजारात यायच्या आत हा ठराव करून घेऊ.