व्हॅन बंद पडली तर कुत्र्याचं काय?

नागपूर सोडलं की 44 क्रमांकाचा महामार्ग सिवनी, नरसिंहपूर, सागर, ललितपूर करत थेट झाशीला नेतो. रस्ता चांगला, ढाबे भरपूर. व्हॅनमध्ये गादी, पाण्याची टाकी, छतावर सोलर पॅनल आणि सोबतीला आपला कुत्रा असला की वाटतं, आता कुणाचं अडलंय! हा प्रवास मला मनापासून आवडतो आणि पुढेही मी तो करणार आहे. पण जी एकटी माणसं कुत्र्याला घेऊन निघायच्या विचारात आहेत, त्यांनी एक गोष्ट आधीच ओळखून असावं. व्हॅन बंद पडली की गाडी, घर, पंखा आणि कुत्र्याची सावली ही चारही एकदम जातात. मेकॅनिककडे धावायचं की कुत्र्याजवळ बसायचं, हा प्रश्न तेव्हा समोर येतो आणि दोन्हीकडे जायला आपण एकटेच असतो.

माझ्यावर ही वेळ झाशीच्या अलीकडे आली. एप्रिल सरत आला होता. पहाटे निघायचं आणि ऊन तापायच्या आत मुक्काम गाठायचा, हा माझा शिरस्ता. त्या दिवशी सागरच्या पुढे अपघातामुळे वाहतूक खोळंबली आणि भर दुपार रस्त्यातच झाली. तालबेहट मागे पडलं, बबीना यायचं होतं. तेवढ्यात डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला. फॅनबेल्ट तुटला होता. निघण्यापूर्वीच तो नवा बसवला होता. माझ्या गाडीत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप दोन्ही त्याच पट्ट्यावर चालतात. तशीच पुढे रेटली असती तर इंजिन गेलं असतं. गाडी कडेला घेतली. इंजिन बंद, म्हणजे एसीही बंद.

1033 या महामार्ग मदत क्रमांकावर फोन केला. क्रेन निघाली, पण यायला वेळ होता. पत्रा तापायला लागला तशी मी भिंगरीला, माझ्या गावठी कुत्रीला, उचलून खाली घेतलं. डांबरावर पाय ठेवणं तिला शक्यच नव्हतं. शेताच्या बांधावर मोहाचं झाड होतं, तिथे नेलं. सावली मिळाली, तरी तिची धाप थांबेना. लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, उभं राहताना मागचे पाय लटपटू लागले. शेजारच्या शेतकऱ्याने काही न विचारता ट्यूबवेल सुरू केली. तिच्या पोटावर, जांघांत, पंजांवर पाणी सोडत राहिलो आणि त्याच्या सुनेने सुपाने वारा घातला. धाप हळूहळू उतरली.

क्रेन आली तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. टोचन लावलेल्या तापल्या व्हॅनमध्ये कुत्रीला ठेवता येत नव्हतं आणि क्रेनवाला तिला केबिनमध्ये घ्यायला तयार नव्हता. व्हॅन सगळ्या सामानासकट झाशीच्या वर्कशॉपकडे गेली. मी आणि भिंगरी बांधावरच राहिलो. तिथे उपयोगी पडला तो निघण्याआधी मावशीकडून घेतलेला एक फोन नंबर. झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारं एक मराठी कुटुंब. त्यांच्याशी मी आधी बोलून ठेवलं होतं, सोबत कुत्री आहे हेही सांगितलं होतं. त्यांचा मुलगा स्वतःची गाडी घेऊन आला आणि आम्हाला थेट पशुवैद्यांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी ताप पाहिला, सलाईन लावलं आणि सांगितलं, जागेवरच पाणी-वारा झाला म्हणून निभावलं.

व्हॅन दुरुस्तीला होती आणि रात्री वर्कशॉपला कुलूप, म्हणजे व्हॅनमध्ये झोपायची सोय नाही. गावातल्या लॉजवाल्यांनी कुत्री पाहून नकार दिला. त्या मराठी कुटुंबातल्या काकूंनी मात्र पडवीलगतची खोली उघडून दिली. त्यांच्या मराठीला बुंदेली हेल होता, आपलेपणा पुरेपूर होता.

त्या पडवीत बसून मला विष्णुभट गोडसे फार आठवले. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक 1857 साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या धामधुमीत झाशीला जाऊन पोचला. 1858 साली इंग्रजांनी झाशीला घातलेला वेढा त्यांनी आतून पाहिला. त्यांचं ‘माझा प्रवास’ 1907 साली चिं. वि. वैद्य यांनी प्रसिद्ध केलं. इतक्या धाडसाच्या प्रवासातही काका बरोबर होते आणि झाशीत नेवाळकर राजघराण्याच्या आश्रयाने वसलेला मराठी समाज होता. आपल्याकडे नकाशा आणि मोबाईल आहे. माणसं मात्र आपल्यालाही आधी जोडूनच ठेवावी लागतात.

निघण्याआधी माणसं शोधा

वाटेवरच्या दर मोठ्या मुक्कामी तीन नंबर हवेत: एक ओळखीचं घर, एक पशुवैद्य, एक मेकॅनिक. निघण्यापूर्वी तिन्ही ठिकाणी प्रत्यक्ष बोला. ग्वाल्हेर, झाशी, सागर, इंदूर या बाजूला मराठी घरं आहेत, कुणाच्या तरी ओळखीने पत्ता लागतो. घरी एका माणसाकडे रोज संध्याकाळी लोकेशन पाठवा. ठरल्या वेळी ते आलं नाही तर पहिला फोन कुणाला करायचा, हे त्या माणसाला लिहून द्या.

व्हॅन बंद पडली तर कुत्र्याला परत कसं आणायचं, हेही आधीच ठरवा. रेल्वेत कुत्रा नेता येतो, पण एसी फर्स्टमध्ये पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्याच नावावर असावी लागते, नाहीतर तो गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातो. उन्हाळ्यात ती पेटी मी कुत्र्यासाठी निवडणार नाही.

ऊन हा खरा शत्रू

झाशीकडे मे-जूनमध्ये पारा 45 अंशांच्या वर जातो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास. माणसासारखा त्याला अंगभर घाम येत नाही, धापेवरच तो अंग निववतो. चपट्या तोंडाच्या जातींना तेही नीट जमत नाही. पग किंवा बुलडॉग असेल तर मार्च ते जून हा प्रवास करूच नका. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात उन्हातल्या बंद गाडीचं तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी वाढलं. त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातली होती आणि काच थोडी खाली ठेवल्याने फरक पडला नाही. म्हणून ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून कुत्र्याला गाडीत ठेवू नका. एसी चालू ठेवूनही नको, कारण इंजिन कधीही बंद पडू शकतं.

ऊन लागल्याची खूण दिसताच आधी अंग गार करा, मग डॉक्टरकडे पळा. टाकीतलं साधं पाणी अंगभर ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. पिण्याच्या पाण्याखेरीज वीस लिटरचा एक कॅन केवळ यासाठी भरलेला असू द्या. व्हॅनच्या बॅटरीशी संबंध नसलेला, चार्जिंगचा छोटा पंखाही जवळ ठेवा.

गाडी आणि कागद

जादा फॅनबेल्ट, कूलंट, फ्यूज आणि तो बेल्ट बसवायची हत्यारं बरोबर हवीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. सीट काढून पलंग, गॅस, टाकी बसवायची तर आधी आरटीओची परवानगी घ्या आणि बदल विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर गरजेच्या वेळी दावा अडकतो. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून जमिनीलगत झरोका ठेवा. बंद व्हॅनमध्ये शेगडी पेटती ठेवून झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

थांबे

सिवनीच्या अलीकडे पेंचच्या जंगलपट्ट्यात कुत्र्याला खाली उतरवू नका. डिस्टेंपरसारखा रोग कुत्र्यांकडून वन्य प्राण्यांकडे जातो आणि बिबट्याला कुत्रा ही सोपी शिकार असते. ढाब्यावर पट्टा हातातच ठेवा, तिथल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते. रेबीज आणि पार्व्होच्या लसींचा दाखला जवळ ठेवा. रोज रात्री कान आणि बोटांच्या बेचक्या तपासून गोचीड काढा, गोचीडतापाचं मूळ तिथेच असतं. गळ्यातल्या बिल्ल्यावर तुमचा आणि घरच्या माणसाचा, दोन्ही फोन नंबर कोरून घ्या. एखादा कुत्रा तुम्हाला चावला तर जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

झाशीचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, अशा वास्तूंच्या आवारात कुत्रा नेता येत नाही. काकूंचा नातू भिंगरीजवळ बसला म्हणून मला बुरुजावर जाता आलं. तुमच्याकडे असा कुणी नसेल तर किल्ला बाहेरूनच पाहा आणि पुढे चला.

हा प्रवास जरूर करा. कुत्र्याइतका चांगला सोबती रस्त्यावर मिळत नाही. पण तो आपल्या निर्णयाने गाडीत बसलेला नसतो, म्हणून त्याच्या जिवाची सगळी जबाबदारी आपली. वाटेवर त्याला हक्काने घरात घेतील अशी माणसं ठरलेली असतील तरच किल्ली फिरवा. ती ठरलेली नसतील तर तारीख पुढे ढकला.