पहिले पुस्तक, ओळखीचे चित्र
खानदेशातील नवशिक्या वाचकांसाठी चित्रपुस्तकांची निर्मिती

अक्षरओळख झाली म्हणजे वाचन आले, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पहिली-दुसरीच्या वर्गांतील अनेक मुले शब्दातील प्रत्येक अक्षर बिनचूक उच्चारतात. परंतु वाचलेल्या वाक्याचा अर्थ विचारला की गप्प बसतात. त्यांच्या लेखी वाचन म्हणजे कागदावरील खुणांना आवाज देणे. त्या खुणांमधून कोणीतरी आपल्याला काही सांगत आहे, ही जाणीव त्यांना झालेली नसते. ती करून देण्याचे काम पहिल्या पुस्तकातील चित्र करते. चित्र पाहून मूल अर्थाचा अंदाज बांधते आणि अक्षरे त्या अंदाजाची खात्री पटवितात.

ज्या घरात वर्तमानपत्र येते, गोष्टीची पुस्तके असतात, तेथील मूल ही जाणीव घेऊनच शाळेत येते. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नाही, तेथील मुलाला ती शाळेतच मिळाली पाहिजे. इयत्ता तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने ठेवले. या उद्दिष्टाचा मार्ग पहिल्या चित्रपुस्तकातून जातो. जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत ही पुस्तके शाळेतच कशी तयार करता येतील, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घरची बोली आणि पुस्तकाची भाषा

१९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. तेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले आणि १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. या प्रदेशात शाळेची भाषा मराठी असली, तरी घरची भाषा सर्वत्र तीच नाही. बहुसंख्य गावांत अहिराणी, जळगावच्या पूर्व भागात लेवा गणबोली, शिरपूर व चोपडा तालुक्यांच्या सातपुडा पट्ट्यात पावरी, तर तांड्यांवर गोरबोली ऐकू येते. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात खानदेशीला स्वतंत्र स्थान होते. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या शीर्षकाखाली नोंदल्या गेलेल्या भाषिकांची संख्या १८ लाखांहून अधिक होती.

अहिराणी बोलणारे मूल ‘माझा’ याला ‘मना’ म्हणते, ‘आहे’ याला ‘शे’ म्हणते आणि ‘येथे’ याला ‘आठे’ म्हणते. पुस्तकात ‘आहे’ असे छापलेले असताना चित्राकडे पाहून ते ‘शे’ असे वाचते, तेव्हा त्याला वाक्याचा अर्थ पूर्णपणे कळलेला असतो. त्या क्षणी त्याला केवळ चूक म्हणून थांबविले, तर वाचताना अर्थ बाजूला ठेवावा लागतो असा धडा ते घेईल. म्हणून शिक्षकाने आधी अर्थ मान्य करावा आणि नंतर ‘पुस्तकात हेच कसे लिहिले आहे?’ असे विचारून अक्षरांकडे लक्ष वेधावे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यानेही शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे.

घरात अक्षरओळख नसली तरी भाषेचे धन असू शकते, याचे उदाहरण खानदेशाबाहेर शोधण्याची गरज नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती ग्रंथरूपाने मराठी वाचकांपुढे आली. अशा बोलीतून आलेल्या मुलाला ‘याला भाषा येत नाही’ असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

हस्तलिखिताची परंपरा

मुलांसाठी लिहिण्याची परंपरा या भागाला नवी नाही. १९०६ साली ‘आनंद’ हे मुलांचे मासिक सुरू करणारे वासुदेव गोविंद आपटे यांचा जन्म धरणगावचा. बालकवी ठोमरे यांचाही तेथलाच. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. छापखाना, निधी आणि चित्रकार या तिन्हींची वाट न पाहता, समोरच्या मुलांसाठी त्यांच्याच जीवनातील मजकूर रोज लिहून ठेवणे, हे त्या उपक्रमाचे मर्म होते. आजच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकालाही हाच मार्ग खुला आहे. बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शिंपले अशा परिसरातील वस्तूंपासून बालशिक्षणाची साधने तयार केली. चित्रपुस्तकाचे साहित्यही असेच परिसरातून घ्यावयाचे आहे.

चित्र आणि शब्द यांची वाटणी

शिक्षणासाठी चित्र आणि शब्द यांची सांगड घालणारा कोमेनियस यांचा प्रसिद्ध ग्रंथ १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे छापला गेला. त्यात वस्तूचे चित्र आणि तिचे नाव शेजारी-शेजारी होते. ‘अ’ अननसाचा ही आपली पद्धत त्याच जातीची आहे. तिचा उपयोग आहे, पण ती गोष्ट सांगत नाही. गोष्टीच्या पुस्तकात चित्राने शब्दांची पुनरुक्ती करू नये. जे शब्दांत नाही ते चित्रात असावे, म्हणजे मुलाला पान उलटण्यापूर्वी थांबून पाहावेसे वाटते. माधुरी पुरंदरे यांच्या ‘चित्रवाचन’ या पुस्तकात तर चित्रेच वाचावयाची आहेत. ओळखीच्या प्रसंगांच्या चित्रांवर मुलांना बोलते करणे, ही वाचनाची पूर्वतयारीच होय.

सोळा पानांचा आराखडा

चित्रकलेच्या कागदाला दोन घड्या घातल्या की चार पाने, म्हणजे आठ पृष्ठे मिळतात. असे दोन कागद एकात एक ठेवून मधोमध सुई-दोऱ्याने शिवले आणि मिटलेल्या कडा कापल्या की सोळा पृष्ठांचे पुस्तक तयार होते. पहिले पृष्ठ शीर्षकाचे. त्यानंतर समोरासमोरच्या पृष्ठांच्या सात जोड्या आणि शेवटी एक सुटे पृष्ठ. गोष्टीची मांडणी या हिशेबाने करावी. उदाहरणादाखल हरवलेल्या बकरीची एक साधी गोष्ट घेऊ.

पहिल्या जोडीवर अंगणातील रिकामा खुंटा आणि तुटलेले दावे दिसते. मजकूर एवढाच : ‘बकरी कोठे गेली?’ पुढच्या जोडीवर ‘बकरी घरात नाही.’ चित्रात मात्र कणगीमागून तिचे शेपूट डोकावते. त्यानंतर ‘बकरी शेतात नाही’. कपाशीच्या ओळींतून दोन शिंगे वर आलेली. ‘बकरी बागेत नाही’. केळीच्या एका पानाची कड खाल्लेली. ‘बकरी बाजारात नाही’. भाजीच्या टोपलीशेजारी खुरांचे ठसे. ‘बकरी नदीवर नाही’. ओल्या काठावरील ठसे पुन्हा घराकडे वळलेले. सातव्या जोडीवर सारे घर दमून अंगणात बसले आहे. मजकूर ‘बकरी नाही!’ आणि जमिनीवर बकरीची सावली. शेवटच्या पृष्ठावर एकही शब्द नाही. बकरी धाब्यावर उभी राहून वाळत घातलेल्या शेंगा खात आहे. ती कोठे आहे हे मुले आपापल्या बोलीत मोठ्याने सांगतील. शब्द ‘नाही’ म्हणतात आणि चित्र ‘आहे’ म्हणते, हे ज्या मुलाच्या लक्षात आले, त्याने ते वाक्य अर्थासह वाचले, याबद्दल शंका राहत नाही.

शब्दांची निवड

देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. नवशिक्या वाचकाचा येथे हमखास गोंधळ होतो. जोडाक्षरे ही दुसरी अडचण. मराठीत शब्दाचे सामान्यरूप होताना जोडाक्षर नकळत येते, हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. ‘गोठा’, ‘खळे’, ‘धाबे’ हे शब्द सोपे आहेत. परंतु ‘गोठ्यात’, ‘खळ्यात’, ‘धाब्यावर’ ही रूपे तशी नाहीत. म्हणूनच वरील गोष्टीत घर, शेत, बाग, बाजार आणि नदी ही ठिकाणे निवडली आहेत आणि धाबे चित्रावर सोपविले आहे. ‘बकरी’ आणि ‘नाही’ हे शब्द पुन:पुन्हा आल्याने प्रत्येक पानावर मुलाला एकच नवा शब्द वाचावा लागतो.

एका पानावर तीन ते पाच शब्द पुरेत. ओळीच्या शेवटी शब्द तोडू नये. दोन शब्दांत मोकळी जागा ठेवावी आणि अक्षरे सुमारे एक सेंटिमीटर उंचीची काढावीत. ‘ख’, ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ ही अक्षरे विशेष काळजीने लिहावीत. राज्य शासनाने २००९ साली देवनागरी अक्षरांच्या प्रमाण आकारांविषयी निर्णय काढला, त्यात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ स्वीकारले आहेत. पाठ्यपुस्तक आणि हस्तलिखित यांत अक्षरांचे वळण एकच असावे.

चित्र काढताना

पुस्तकाच्या अधिक प्रती झेरॉक्सने काढावयाच्या असल्याने चित्र काळ्या, ठळक रेषेचे असावे. रंग नंतर मुलांनाच भरू द्यावेत. बकरी काळी आणि एक कान पांढरा, असे ठरले की प्रत्येक पानावर ती तशीच दिसली पाहिजे. अन्यथा मुलाला ती दुसरीच बकरी वाटते. पानाच्या कडेने अर्धवट कापलेली आकृती किंवा वेग दाखविणाऱ्या रेषा हे चित्रकाराचे संकेत होत. पुस्तके न हाताळलेल्या मुलाला ते शिकावे लागतात. म्हणून आरंभीच्या पुस्तकांत ते बेताने वापरावेत. अक्षरे चित्राच्या गडद भागावर न लिहिता कोऱ्या जागेत लिहावीत.

चित्रातील घर, भांडी, पोशाख आणि पिके गावची असावीत. शिरपूरच्या पाड्यावरील झोपडी आणि रावेरच्या केळीपट्ट्यातील घर सारखे नसते. शोध घेणाऱ्यांत मुलीही असाव्यात, आणि चुलीपाशी नेहमी आईच दिसावी असेही नाही. सणावारी भिंतीवर चित्रे काढणाऱ्या स्त्रिया प्रत्येक गावात असतात; त्यांना या कामी निमंत्रण द्यावे. बोलीतील शब्द वापरावयाचा तो आपुलकीने. हशा पिकविण्यासाठी तो अडाणी पात्राच्या तोंडी घालणे सर्वथा टाळावे.

मुलांसमोर कसोटी

पक्के पुस्तक करण्यापूर्वी पेन्सिलीने एक कच्ची प्रत तयार करावी आणि ती पाच-सहा मुलांसमोर ठेवावी. प्रथम शब्द झाकून चित्रे दाखवावीत आणि मुले काय बोलतात ते त्यांच्याच शब्दांत टिपावे. नंतर मजकूर वाचावयास द्यावा. जेथे बहुतेक मुले अडखळतात तेथे दोष पुस्तकाचा समजून शब्द किंवा चित्र बदलावे. टिपलेल्या शब्दांतून त्याच गोष्टीची अहिराणी किंवा पावरी प्रतही तयार होऊ शकते. घरच्या बोलीतील प्रत आधी आणि मराठी प्रत नंतर वाचली, तर गोष्ट परिचित असल्याने मुलाचे सारे लक्ष नव्या शब्दांकडे राहते.

शाळा आणि ग्रामपंचायत

एका केंद्रातील प्रत्येक शाळेने वर्षात दोन पुस्तके तयार करून त्यांच्या प्रतींची देवाणघेवाण केली, तर दहा शाळांच्या केंद्रात प्रत्येक शाळेकडे वीस पुस्तके जमतील. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने त्यांतील निवडक पुस्तके तपासून इतर केंद्रांकडे पाठवावीत. छापील पुस्तकांची जोड अर्थातच हवी. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला मराठीतही आहे. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वरील गोष्टी, लेखक-चित्रकारांचा उल्लेख ठेवून, भाषांतरित करण्यास व छापण्यास परवानगी आहे.

कागद, दोरा आणि झेरॉक्स यांचा खर्च ग्रामपंचायतीला जड नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पुस्तकाच्या विषयावर चर्चा व्हावी आणि गावातील जुन्या माणसांकडून गोष्टी मिळवाव्यात. शाळेला ग्रंथालय असावे ही अपेक्षा २००९ च्या कायद्यातच आहे. परंतु कुलूपबंद कपाट म्हणजे ग्रंथालय नव्हे. चित्रपुस्तके दोरीवर टांगून मुलांच्या हाताच्या उंचीवर ठेवावीत आणि घरी नेऊ द्यावीत. ती फाटतील, मळतील. एक प्रत फाटली तर दुसरी काढता येते. घरी नेलेल्या पुस्तकातील बकरी आई-आजीला दाखविताना मूल तिची गोष्ट आपल्या बोलीत सांगेल आणि त्याखालची ओळ मराठीत वाचून दाखवील. पहिल्या पुस्तकाकडून एवढीच अपेक्षा आहे.