बिजागरीतील बुश

प्रस्तावना
दार करकरले, तर आपण बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडतो आणि विसरून जातो. विमानाच्या बिजागरीची अशी उपेक्षा करता येत नाही. जगात अनेक हौशी माणसे स्वतःच्या हातांनी विमान बांधतात. अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९५३ साली अशा हौशी लोकांची ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. आपल्याकडे अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची २०१७ मध्ये अधिकृत नोंदणी झाली. अशा विमानातील एका लहानशा भागाची ओळख आपण या पाठात करून घेणार आहोत.

मूळ पाठ
एलेरॉनमुळे विमान एका अंगावर कलते, एलिव्हेटरमुळे त्याचे नाक वर-खाली होते आणि रडरमुळे ते डावीउजवीकडे वळते. या हलत्या भागांना नियंत्रण पृष्ठे म्हणतात. ती बिजागऱ्यांवर फिरतात. काही विमानांत बिजागरीच्या अॅल्युमिनियमच्या कंसात कांस्याची छोटी नळी घट्ट बसवितात व तिच्यातून पोलादी बोल्ट घालतात. ही नळी म्हणजे बुश. कंसाऐवजी बुश झिजतो आणि झिजलेला बुश बदलता येतो.

बिजागरी सैल राहिली, तर पृष्ठ किंचित डुलू लागते. वेग वाढला, की ते वाऱ्याच्या झोताने थरथरू शकते. या थरथरीला ‘फ्लटर’ म्हणतात. ती काही क्षणांत वाढून पृष्ठ मोडू शकते.

बुश बसविताना आराखड्यातील माप प्रमाण मानावे. दाबून बसवायच्या लहान बुशचा बाहेरील व्यास भोकापेक्षा साधारणतः ०.०२५ मिलिमीटरने अधिक असतो. हा फरक केसाच्या जाडीहूनही कमी आहे! म्हणून भोक आधी थोडे लहान पाडावे आणि मग रीमरने नेमके करावे. रीमर एकाच दिशेने फिरवावा. बाहेर काढतानाही उलट फिरवू नये, अन्यथा त्याची धार बिघडते. त्यानंतर बुश सरळ धरून शेगड्याने हळूहळू दाबावा. हातोडीने ठोकल्यास तो तिरपा जाण्याचा संभव असतो. फ्रीजरमध्ये काही तास ठेवलेला बुश किंचित आकुंचन पावतो व सुलभतेने बसतो. कंस मात्र ज्योतीवर तापवू नये. त्यामुळे मिश्रधातूचे बळ घटते.

दाबल्यावर बुशचे आतील भोक थोडे आवळते. म्हणून त्याचे अंतिम रीमिंग बुश बसविल्यानंतरच करावे. सर्व बिजागऱ्या एका सरळ रेषेत असाव्यात, नाहीतर पृष्ठ अडखळते. शेवटी पृष्ठ हाताने फिरवून पाहावे. ते सहज फिरावे, परंतु खडखडू नये.

एवढे करूनही कधी भोक मोठे होते. तेव्हा डिंकासारखे काही भरून चूक झाकण्याचा मोह होतो. ती झाकलेली चूक इतर कोणाला दिसणारही नाही. तरीही जाणता कारागीर तो कंस बाजूला ठेवून नवा घडवितो. कारण त्या विमानात पहिल्यांदा बसणारा बहुधा तो स्वतःच असतो.

शब्दार्थ
उपेक्षा – दुर्लक्ष. कांस्य – तांबे व कथील यांचा मिश्रधातू. आकुंचन पावणे – आक्रसणे. शेगडा – वस्तू घट्ट पकडण्याचे साधन

पाठगत प्रश्न
१. बुश बसविल्याने कंसाचे रक्षण कसे होते?
२. अंतिम रीमिंग बुश बसविल्यानंतर का करतात?
३. ‘इतर कोणाला न दिसणारी चूक’ सुधारणे का आवश्यक आहे? आपल्या अनुभवातील उदाहरण देऊन लिहा.