मादिरां मागवण्याआधी ताट बघा

तुलूझमध्ये आमच्याकडे पाहुणे आले की 'इथली लोकल रेड वाइन प्यायची' ही फर्माईश ठरलेली. हौस रास्तच आहे. पण बाटली मादिरांची असेल, तर आधी ताटात काय येणार आहे ते बघा.

गेल्या हिवाळ्यात दादा आणि वहिनी आले होते. वहिनी मटण खात नाहीत, म्हणून त्यांनी ट्राउट मागवला. दादाने बदकाची कॉन्फी घेतली. वेटरने कोण काय खाणार हे न बघता सगळ्यांसाठी एकच, जेमतेम दोन वर्षांची मादिरां उघडली. पहिल्याच घोटाला वहिनींची जीभ कोरडी पडली, हिरड्या आवळल्या. वर माशाचा घास घेतला, तर तोंडात हिवस वास आणि लोखंडासारखी चव. त्यांनी ग्लास बाजूला सारला आणि 'रेड वाइन आपल्याला नाहीच मानवत' असं ठरवूनच टाकलं. शेजारी दादा मात्र तीच वाइन चवीचवीने पीत होता. वाईट वाटलं ते याचं, की वाइनमध्ये खोट नव्हती आणि वहिनींच्या जिभेतही नव्हती.

मादिरां हा फ्रान्सच्या नैर्ऋत्येचा, पिरेनीज पर्वताच्या उत्तरेकडचा छोटा पट्टा. १९४८ पासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. इथलं मुख्य द्राक्ष तनात. त्यात टॅनिन भरपूर. सुपारी चघळल्यावर तोंडाला जी मिठी बसते, तसा हा तुरटपणा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. घासात मांस आणि चरबी असली की तुरटपणा त्यातच जिरतो. कॉन्फी म्हणजे मीठ लावून बदकाच्याच चरबीत मंद शिजवलेली तंगडी. मादिरांला याहून चांगला जोडीदार नाही. कोबी, पांढरा घेवडा आणि बदक घातलेलं 'गार्ब्यूर' हे तिथलं दाट सूप. वाडग्याच्या तळाशी थोडं उरलं की जुनी माणसं त्यातच रेड वाइन ओततात आणि वाडगा तोंडाला लावतात. संधी मिळाली तर जरूर करून बघा.

माशाचं गणित वेगळं. रेड वाइनमधल्या लोहामुळे मासळीचा वास उग्र होतो, हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं. मासेच खायचे असतील तर त्याच पट्ट्यातली पांढरी वाइन आहे, पाशरांक द्यु व्हिक-बिल. फक्त 'सेक' म्हणजे कोरडी मागा, नाहीतर गोड पुढ्यात येईल.

आपल्या घरच्या जेवणाबद्दल स्पष्टच सांगते: तांबड्या रश्श्याबरोबर मादिरां उघडू नका. अल्कोहोल चौदा टक्क्यांच्या आसपास, त्याने तिखटाची आग वाढते. तुरटपणाही बोचतो आणि दोन्हींची चव जाते. मटणच करायचं असेल तर मिरची आवरून, काळी मिरी आणि लसणावर मंद शिजवा. शाकाहाऱ्यांसाठी लोण्यात परतलेले मशरूम, किंवा लोणी घातलेला मऊ राजमा. चीज चालत असेल तर मेंढीच्या दुधाचं ओसो-इराती सुरेख लागतं. दूध गोठवायला वापरलेलं रेनेट प्राण्याचं आहे का, याची मात्र चौकशी करून घ्या.

बाटली निवडताना वर्ष बघा. पाच-सात वर्षं मुरलेली असली तर उत्तम. कोवळीच मिळाली तर जेवणाआधी दोनेक तास मोठ्या जगमध्ये ओतून ठेवा, हवा लागली की ती मवाळ होते. तनातला हवेने नरम करण्याचं तंत्र मादिरांच्याच पात्रिक द्युकुर्नो यांनी १९९०च्या दशकात पुढे आणलं, ते उगीच नव्हे. आणि फ्रिजमधली थेट ओतू नका. थंड वाइन अधिक तुरट लागते. सोळा ते अठरा अंश पुरे.

हॉटेलात वेटरला आधी जेवण सांगा, मग वाइन विचारा. एकाच टेबलावर मासे आणि बदक दोन्ही असतील, तर एका बाटलीचा हट्ट सोडा आणि ज्याची त्याची वाइन ग्लासने मागवा.