बाजाराची पडझड आणि सावध पुंजीची फेरमांडणी : दिल्ली परिसराचा अनुभव

मालमत्ता विभागणी म्हणजे कुटुंबाची पुंजी शेअर, रोखे, मुदत ठेवी, सोने आणि घरजागा यांत कोणत्या प्रमाणात ठेवायची याचा निर्णय होय. वय, गरजा आणि जोखीम पेलण्याची ताकद पाहून हे प्रमाण दीर्घकाळासाठी ठरवले जाते, आणि बाजार पडला किंवा अवाजवी चढला असता त्या मूळ प्रमाणापासून ठरावीक मर्यादेत, काही काळापुरते बाजूला सरकणे याला डावपेचात्मक विभागणी म्हणतात. सावध गुंतवणूकदाराने घसरणीत असा फेरफार करावा की नाही, ही चर्चा बहुधा शेअर किती घ्यावेत याभोवतीच फिरते. परंतु दिल्ली, नोएडा, गाझियाबाद आणि गुरुग्राम या पट्ट्यातील गेल्या दोन दशकांचा अनुभव तपासला तर मोठी फसगत ज्या भागाला सुरक्षित समजले गेले त्यातच झालेली दिसते.

केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त दिल्लीत येऊन तेथेच स्थायिक झालेली मराठी कुटुंबे या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहेत. १ जानेवारी २००४ पूर्वी रुजू झालेल्या कर्मचाऱ्याला महागाई भत्त्यासह पेन्शन मिळते, म्हणजे जन्मभर उत्पन्न देणारा आणि महागाईबरोबर वाढणारा एक रोखाच त्याच्या पदरात असतो. असा निवृत्त मनुष्य ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे आणि अंशराशीकरणाची रक्कम, म्हणजे पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा सोडून त्याबदली एकदम घेतलेले पैसे, हे सारे मुदत ठेवीतच घालतो, तेव्हा त्याची मिळकत त्याला वाटते त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात एकाच प्रकारात साठलेली असते. त्या तारखेपासून पुढे रुजू होऊन राष्ट्रीय पेन्शन योजनेत गेलेल्याची स्थिती निराळी आहे. त्याच्या निधीतील शेअरांचा वाटा मूळ पर्यायात मर्यादितच राहतो आणि निधीतून घेतलेली वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून मिळणारे नियमित उत्पन्न, सहसा महागाईबरोबर वाढत नाही. एकाच मजल्यावर राहणाऱ्या या दोघांनी एकमेकांचे प्रमाण उचलणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

सरकारी निवासस्थान सोडण्याचे दिवस जवळ आले की हयातीची बचत बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटमध्ये गुंतवण्याची रीत या परिसरात रूढ झाली होती, आणि तिची फळे अनेकांना भोगावी लागली. जेपी इन्फ्राटेक ही बांधकाम कंपनी ऑगस्ट २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आम्रपाली या बांधकाम समूहाची रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखालील, नोंदणी रद्द करून अपुरी घरे पूर्ण करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपवले, तोवर तेथील ४२ हजारांहून अधिक ग्राहकांपैकी कित्येकजण कर्जाचा हप्ता आणि घरभाडे असा दुहेरी भार वाहत होते. फ्लॅट बांधून पूर्ण असला तरी फेरविभागणीच्या कामी तो येत नाही, कारण त्यातली एक खोली विकून त्या पैशांचे शेअर घेता येत नाहीत. २०२० मध्ये तर बँक आणि रोखे हेही अडले. येस बँकेतून ५० हजारांपेक्षा अधिक रक्कम काढण्यावर ५ मार्चला आलेली बंदी १८ मार्चला उठली, म्हणजे शेअर बाजाराच्या तळाच्या अवघे पाच दिवस आधी. आणि २३ एप्रिलला फ्रँकलिन टेंपलटन या म्युच्युअल फंड कंपनीने सहा रोखे योजना गुंडाळल्या, त्यांतील पैसे पुढे परत मिळाले खरे, पण शेअर स्वस्त होते त्या महिन्यांत ते हाताशी नव्हते. घसरणीत डाव बदलण्याची मुभा अशा रीतीने ज्याचा रोखीचा भाग खरोखर मोकळा असतो त्यालाच मिळते.

आता फेरफाराचा हिशेब पाहावा. ४० लाखांच्या पुंजीपैकी ३० टक्के, म्हणजे १२ लाख, निफ्टीच्या निर्देशांक फंडात आणि २८ लाख ठेवींत आहेत असे धरले, तर १४ जानेवारी २०२० रोजी १२,३६२ वर असलेला निफ्टी २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला तेव्हा शेअरांचे मूल्य सुमारे ७ लाख ३९ हजारांवर आले आणि त्यांचा वाटा २१ टक्क्यांखाली गेला. तो पुन्हा ३० टक्के करण्यास सव्वातीन लाखांच्या आसपास आणि ३५ टक्क्यांवर नेण्यास पाच लाख रुपये ठेवींतून काढावे लागले असते. नोव्हेंबर २०२० मध्ये निफ्टीने जुनी पातळी गाठली तेव्हा, व्याज व लाभांश बाजूला ठेवता, काहीच न करणाऱ्याचे ४० लाख, मूळ प्रमाण साधणाऱ्याचे सुमारे ४२ लाख, ३५ टक्क्यांपर्यंत जाणाऱ्याचे ४३ लाखांहून थोडे अधिक आणि तळाशी घाबरून सारे विकून टाकणाऱ्याचे ३५ लाख ३९ हजार झाले असते. सर्वांत मोठा फरक न विकण्याने आणि मूळ प्रमाण परत साधण्याने पडतो. त्यापलीकडच्या धाडसाचा लाभ लाखभराचा, आणि तोही नेमका तळ साधला तरच.

तळ साधत नाही, हे २००८ ने दाखवले आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत २०,८७३ वर बंद झालेला सेन्सेक्स जुलैच्या मध्यास साडेबारा हजारांजवळ आला, तेव्हा ४० टक्के पडझड झालीच आहे असे मानून एकरकमी पैसे घालणाऱ्याला ९ मार्च २००९ रोजी ८,१६० हा आकडा पाहावा लागला, म्हणजे नव्या रकमेतलाही तिसरा हिस्सा गेला, आणि बाजाराला जुनी उंची गाठण्यास नोव्हेंबर २०१० उजाडला.

यावरून सावध माणसाने दोन वर्षांचा घरखर्च प्रथम वेगळा काढावा, त्याला हात लावू नये, आणि शेअरांचा वाटा ठरलेल्या प्रमाणाहून पाच टक्केबिंदूंनी घटल्यावरच तीन हप्त्यांत, हप्त्याहप्त्यांत दोन-दोन महिन्यांचे अंतर ठेवून तो भरून काढावा. मूळ प्रमाणापुढे जायचेच झाले तर आणखी पाच टक्केबिंदूंची मर्यादा आधीच कागदावर लिहून ठेवावी, कारण पडत्या बाजारात ती सुचत नाही. हप्त्यांचे पैसे लिक्विड फंडातून किंवा अल्प मुदतीच्या ठेवींतून घ्यावेत. ज्येष्ठ नागरिक बचत योजना मोडणे महागात पडते, कारण एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत खाते बंद केल्यास दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का रक्कम कापली जाते. बाजार सावरून वरील उदाहरणातील शेअरांचा वाटा ३५ टक्क्यांवर गेला की तो ३० वर परत आणायचा असतो, आणि हे काम पुष्कळांच्या हातून राहून जाते. राष्ट्रीय पेन्शन योजनेत निधी चालू असेल तर हा बदल प्रथम तेथे करावा, कारण तेथील पर्याय बदलताना कर लागत नाही. शेअर फंडातील एका वर्षानंतरच्या विक्रीवर मात्र आर्थिक वर्षात सव्वा लाखांवरील नफ्यास साडेबारा टक्के कर पडतो. म्हणून ती विक्री मार्चअखेर आणि एप्रिलच्या आरंभी अशी विभागली, तर सव्वा लाखाची सूट दोन्ही वर्षांत मिळते.